दुपारी चालणारा, संध्याकाळी रुसणारा: मांद्र्याच्या ओव्हनचं निदान

गोव्यातल्या मांद्र्याच्या एका घरातला बिल्ट-इन ओव्हन. युरोपीय बनावटीचा, टच पॅनेलचा, सात-आठ वर्षं वापरातला. घरातल्या वहिनी ऑर्डरवर केक, नानकटाई आणि बिबिंक (गोव्याचा थरांचा गोड पदार्थ) करून देतात, त्यामुळे हा ओव्हन बहुतेक दिवस चालतो. तक्रार ऑक्टोबरात आली. दसरा होऊन गेला होता आणि दिवाळीच्या ऑर्डरी घेऊन झाल्या होत्या.

वहिनींच्या शब्दांत तक्रार अशी: "संध्याकाळी लावला की टक्‌ असा आवाज येतो, लगेच दुसरा टक्‌, आणि घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकतं. परत वेळ लावा, परत तेच. दुपारी मात्र बरेचदा नीट चालतो."

माझ्या आधी एक मेकॅनिक येऊन गेला होता. त्याने ओव्हन तापवणारी वरची कॉइल बदलली. फरक पडला नाही म्हणून बोर्ड उघडला, मीटर लावला आणि 'सप्लाय ठीक आहे, मेन आयसी गेला, बोर्डच बदलावा लागेल' असं सांगून गेला. नव्या पॉवर बोर्डाची किंमत १८ हजारांच्या आसपास सांगितली होती, आणि बोर्ड यायला पाच-सहा आठवडे. दिवाळी तर गेलीच, नाताळचंही काही खरं नाही, असा तो हिशेब होता. आमच्या धंद्यात 'बोर्ड गेला' हे वाक्य फार स्वस्त आहे. बोलणाऱ्याचा काही खर्च होत नाही, आणि बोर्ड बदलून ओव्हन चालला की निदान बरोबर होतं की नव्हतं हे कोणी विचारत नाही. पण त्या माणसाने मीटर लावून आकडा पाहिला होता, आणि तो आकडा खराही होता. तो कुठे चकला ते पुढे येईलच.

मी स्क्रूड्रायव्हर काढण्याआधी वहिनींना ओव्हन चालवून दाखवायला सांगतो, आणि त्या नेहमी वापरत नाहीत ते मोडही लावायला सांगतो. लोक आपल्या सवयीचे दोन-तीन मोड वापरतात आणि तक्रारही तेवढ्यांचीच करतात. उरलेल्या मोडमध्ये काय होतं हे त्यांना ठाऊक नसतं, आणि निदानाचा अर्धा माल तिथेच पडून असतो.

मांद्र्याला तेच झालं. वहिनी केकसाठी वर-खाली दोन्ही कॉइल लावतात. बिबिंकासाठी मोठं ग्रिल लावतात. बिबिंक थर-थर करून भाजायचं असतं: एक थर ओतायचा, वरून लाल होऊ द्यायचा, तूप सोडायचं, मग पुढचा थर. पूर्वी मडक्यावर निखारे ठेवून वरून आच द्यायचे. आता तेच काम ओव्हनची वरची आच करते. मोठ्या ग्रिलमध्ये या ओव्हनची वरची कॉइल आणि ग्रिलची कॉइल दोन्ही एकदम लागतात. तर केकचा मोड संध्याकाळी बंद पडत होता, आणि बिबिंकाचाही. दोन्हींत सामाईक काय? वरची कॉइल. पहिल्या मेकॅनिकने ती बदलली त्यामागे तर्क होता, उगाच बदलली नव्हती.

पण त्याने नुसती वरची कॉइल लावून पाहिली नव्हती. मी संध्याकाळी सातनंतर वहिनींकडून एकेक मोड लावून घेतला आणि कागदावर लिहीत गेलो. नुसती वरची कॉइल: चालते. नुसती खालची: चालते. छोटं ग्रिल: चालतं. पंखा आणि त्याच्या मागची गोल कॉइल: चालते. वर आणि खाली: बंद पडतो. मोठं ग्रिल: बंद पडतो. पिझ्झाचा मोड, म्हणजे खालची कॉइल आणि गोल कॉइल: तोही बंद पडतो, आणि त्यात वरच्या कॉइलचा संबंधच नाही.

कॉइल एक असेल तर चालतो, दोन असतील तर पडतो. कुठली कॉइल आहे याला महत्त्वच नाही.

इथे दोन शक्यता उरतात. दोन कॉइल म्हणजे जास्त लोड, दहा ते चौदा अँपियर. घराची वायरिंग, सॉकेट किंवा ओव्हनच्या मागचा टर्मिनल ब्लॉक ढिला असेल तर लोड आल्याबरोबर व्होल्टेज खाली बसेल आणि बोर्ड रिसेट होईल. हा दोष गोव्यात किनाऱ्याजवळच्या घरांत वारंवार दिसतो. खाऱ्या हवेने पितळेच्या टर्मिनलवर हिरवट थर चढतो. दुसरी शक्यता अशी की कॉइलच्या लोडचा काही संबंध नाही, आणि बोर्डालाच स्वतःच्या रिले, म्हणजे कॉइलची वीज चालू-बंद करणारे चुंबकाचे स्विच, एका मर्यादेपलीकडे ओढून धरता येत नाहीत.

या दोहोंतला निवाडा करायला महागडं उपकरण लागत नाही. एमसीबी (लाईनचा सेफ्टी स्विच) खाली केला, ओव्हन कपाटातून बाहेर ओढला, मागचं कव्हर काढलं आणि सगळ्या कॉइलचे लग, म्हणजे तारांची टोकं, काढून प्रत्येकाला स्वतंत्र टेप लावली. आता रिले ओढली तरी ती कशालाच करंट देणार नाही. एमसीबी वर करून वर-खालीचा मोड लावला. टक्‌, अर्ध्या सेकंदाच्या आत दुसरा टक्‌, घड्याळ शून्यावर.

लोडचा प्रश्न तिथेच मिटला. घराची वायरिंग, सॉकेट, टर्मिनल ब्लॉक, कॉइल, सगळे एका चाचणीत निर्दोष सुटले, निदान या तक्रारीपुरते. लग काढलेलेच होते म्हणून कॉइलही मोजून घेतल्या. वरची, ११०० वॉटची, ४८ ओम. खालची, १३०० वॉटची, ४१ ओम. गोल कॉइल २००० वॉटची, २६ ओमच्या जरा वर. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॉट केलं की हेच आकडे येतात. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) खालच्या कॉइलचं इन्सुलेशन बाकीच्यांपेक्षा कमी दिसलं, पण धोक्याच्या पातळीवर नाही. कॉइलच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी असते, ती पावसाळ्यात ओल ओढते. कॉइल तापवली की ओल निघून जाते. आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) पडत नव्हता, त्यामुळे तिकडे अधिक वेळ घालवला नाही. टेंपरेचर सेन्सर पीटी-१००० जातीचा होता. खोलीचं तापमान २९ अंश, सेन्सर १११३ ओम. जितका हवा तितकाच.

एक आकडा मात्र लिहून ठेवण्यासारखा मिळाला. दुपारी तीनच्या सुमारास सॉकेटवर २३६ व्होल्ट होते. संध्याकाळी साडेसातला २०८. घर लाईनच्या टोकाला, आजूबाजूला गेस्ट हाऊस, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवेलागणीनंतर सगळीकडचे एसी एकदम सुरू होतात. २०८ फार वाईट आहे असं नाही. २३० व्होल्टच्या वस्तूने त्यावर निमूट चाललं पाहिजे. पण दुपारचा चालणारा आणि संध्याकाळचा पडणारा ओव्हन यांच्यामधला फरक आता हातात होता.

घरातल्या आजोबांचं मत वेगळं होतं. "संध्याकाळी दर्यावरून वारा येतो, ओल येते, ती बोर्डाला बाधते," असं ते ठामपणे म्हणत होते. मी त्यांना खोडून काढलं नाही, कारण पूर्ण चूक म्हणता येईल असं ते बोलणं नव्हतं.

बोर्ड काढून दुकानावर आणला. आता बोर्डाच्या पोटातल्या पॉवर सप्लायकडे नीट पाहणं भाग आहे.

ओव्हनच्या बोर्डांत दोन तऱ्हेचे सप्लाय असतात. एकात छोटा स्विचिंग आयसी आणि फेराइटची कॉइल असते. दुसरा जुना, स्वस्त आणि साधा: लाईनच्या एका तारेत एक मोठा फिल्म कॅपॅसिटर मालिकेत घालायचा, त्यातून जितका करंट एसीवर सरकेल तितका ब्रिजमधून (चार डायोडांच्या जोडणीतून) डीसी करायचा, झेनरने (व्होल्टेज ठराविक आकड्यावर रोखणाऱ्या डायोडने) २४ व्होल्टवर बांधायचा आणि मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमध्ये साठवायचा. ट्रान्सफॉर्मर नाही, उष्णता जवळपास नाही, खर्च कमी. मांद्र्याचा बोर्ड या दुसऱ्या जातीचा. आपल्याकडे दुकानात अजूनही त्याला 'कंडेन्सरवाला सप्लाय' म्हणतात.

या सप्लायबद्दल आधी एक धोक्याची गोष्ट सांगतो. हा लाईनपासून वेगळा केलेला नसतो. २४ व्होल्टची बाजूसुद्धा थेट लाईनवर तरंगत असते. बोर्डावर '२४ व्होल्ट' वाचून बोट लावलं तर २३० चा झटका बसू शकतो, आणि साध्या ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप तिथे लावली तर एमसीबी पडेल किंवा स्कोप जाईल. म्हणून असा बोर्ड मी टेबलावर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधूनच, म्हणजे लाईनपासून तोडूनच, चालवतो, पुढे सिरीजमध्ये ६० वॉटचा बल्ब, आणि व्होल्टेज कमी-जास्त करायला व्हेरिअ‍ॅक. लाईन काढल्यावरही मोठा कॅपॅसिटर चार्ज धरून राहू शकतो. त्याच्यावर समांतर असलेला रेझिस्टर तुटलेला असेल तर प्लगच्या पिना हातात घेताच झटका. हे ज्याच्याकडे नाही त्याने बोर्ड कारागिराकडे द्यावा. कॉइल आणि सेन्सर मोजण्यापर्यंत घरचा माणूस जाऊ शकतो, त्यापुढे नको.

आता हिशेब. बोर्डावरच्या मोठ्या कॅपॅसिटरवर १.५ मायक्रोफॅरड छापलेलं होतं. ५० हर्ट्झवर, २३० व्होल्टला, १.५ मायक्रोफॅरडमधून १०८ मिलिअँपियर सरकतो. ब्रिज ओलांडून डीसी होईपर्यंत हाती पडतात साधारण ९०. हे या बोर्डाचं एकूण उत्पन्न. खर्च असा: मायक्रोकंट्रोलर (बोर्डाचा मेंदू), डिस्प्ले आणि टच पॅनेल मिळून वीसेक मिलिअँपियर. प्रत्येक रिलेच्या आतली चुंबकाची छोटी कॉइल १४४० ओमची, म्हणजे २४ व्होल्टवर १७ मिलिअँपियर.

या ओव्हनमध्ये कुठलाही मोड लावला की आधी मुख्य सेफ्टी रिले ओढली जाते, मग त्या-त्या कॉइलची. पंखा आणि दिवा ट्रायकवर (इलेक्ट्रॉनिक स्विचवर) आहेत, त्यांना रिले लागत नाही. म्हणजे एक कॉइल असली की दोन रिले, दोन कॉइल असल्या की तीन. तीन रिलेंचे ५१ आणि बाकीचे २० मिळून ७१ मिलिअँपियर. उत्पन्न ९०, खर्च ७१. बनवणाऱ्याने फार ढील ठेवलेली नाही, पण नव्या बोर्डाला पुरते. मोडांच्या कागदावर जे दिसलं होतं त्याचा अर्थ इथे लागतो. रिले तीन झाल्या की बोर्ड दिवाळखोरीत जातो.

पहिल्या मेकॅनिकने मीटर लावला तेव्हा त्याला २४ व्होल्ट दिसले. मलाही दिसले. ओव्हन नुसता घड्याळ दाखवत असताना डीसी २४.१ होतं, सुईसारखं स्थिर. झेनरचं काम जास्तीचं सांडून टाकणं हे आहे. उत्पन्न निम्म्यावर आलं तरी रिकामपणी खर्च वीसच असल्यामुळे झेनरला सांडायला काही ना काही उरतंच, आणि मीटर २४ दाखवतो. रात्री सगळे नळ बंद असताना गच्चीवरची टाकी भरलेली दिसते, म्हणून पंप ठीक आहे असं कोणी समजत नाही. हा सप्लाय बसलेला असताना मोजून काही कळत नाही. तो काम करत असताना मोजायला हवा.

व्हेरिअ‍ॅकवर २३० ठेवून मोड लावला. दोन रिले ओढल्यावर डीसी २४ वरून साडेअकरावर आलं आणि तिथे थांबलं. तीन ओढल्यावर साडेसातवर. तरीही रिले धरून होत्या. हे अनेकांना चमत्कारिक वाटतं, पण रिलेला ओढायला जेवढं व्होल्टेज लागतं त्याच्या मानाने धरून ठेवायला फार कमी लागतं. ओढण्यापुरता जोर इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमधल्या साठ्यातून मिळतो, म्हणून पहिला टक्‌ जोरात वाजतो. साठा सरला की व्होल्टेज उत्पन्नाइतकं खाली येतं.

मग व्हेरिअ‍ॅक हळूहळू खाली घेतला. २१५ च्या आसपास डीसी सातच्या खाली गेलं. मायक्रोकंट्रोलरला ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर आहे, त्याला आत येताना किमान सातेक व्होल्ट लागतात. ते मिळेनात तेव्हा मायक्रोकंट्रोलर मान टाकून पुन्हा सुरू झाला आणि सगळ्या रिले सुटल्या. टक्‌, थांबा, टक्‌. घड्याळ शून्यावर. वहिनींच्या स्वयंपाकघरातला आवाज हुबेहूब टेबलावर ऐकू आला. दुपारचे २३६ या रेषेच्या वर, संध्याकाळचे २०८ खाली.

आता संशयित दोनच: साठवणारा इलेक्ट्रोलिटिक, किंवा मालिकेतला फिल्म कॅपॅसिटर. बोर्ड उघडला की कारागिराचा हात आधी इलेक्ट्रोलिटिककडे जातो, कारण तो बिघडला की फुगतो, गळतो, डोळ्यांना दिसतो. इथला फुगलेला नव्हता. काढून मोजला: ४७० लिहिलेला, ४५५ मायक्रोफॅरड, ईएसआर म्हणजे आतला रोधही चांगला. तो तसाच परत बसवला. चांगला भाग 'आता काढलाच आहे तर' म्हणून बदलायची सवय मला आवडत नाही. बोर्डाचे पॅड आधीच नाजूक असतात, दर वेळी तापवले की थोडे सैल होतात.

फिल्म कॅपॅसिटर बाहेरून नवाकोरा दिसत होता. पिवळी पेटी, कडा शाबूत, कुठे डाग नाही. एक पाय उचलून मोजला: ०.६१ मायक्रोफॅरड. छापलेल्या १.५ च्या निम्म्याहून कमी. ०.६१ वर उत्पन्न येतं ३६ मिलिअँपियरच्या आसपास. त्यातले वीस घरखर्चाला जातात, उरलेले सोळा तीन रिलेंना वाटले तर प्रत्येकीला पाच. पाच मिलिअँपियर गुणिले १४४० ओम, म्हणजे सात-साडेसात व्होल्ट. मीटरवर आलेला आकडा आणि कागदावरचा आकडा जुळले. हे जुळल्याशिवाय मी दोष सापडला असं म्हणत नाही.

काढलेला कॅपॅसिटर भाच्याने कुतूहलाने करवतीने चिरला. तो दुकानावर शिकायला येतो, त्याला असली कामं फार आवडतात. आत प्लास्टिकच्या फितीची गच्च गुंडाळी. पॉलिप्रॉपिलीनची काही मायक्रॉन जाडीची फीत, तिच्यावर जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, मायक्रॉनच्या शतांश मापातला. फीत उलगडून खिडकीसमोर धरली. मधला भाग आरशासारखा चकचकीत होता. पण कडांकडून आत वाट काढत आलेले पारदर्शक पट्टे होते, आणि मध्येमध्ये मोहरीएवढे स्वच्छ गोल ठिपके. तिथला मुलामा नाहीसाच झाला होता. भाच्याचं बोट पलीकडून दिसत होतं. "मामा, यात धातू कुठे गेला?" त्याने विचारलं.

धातू दोन वाटांनी जातो. लाईनवर झटका आला की फितीत एखाद्या जागी ठिणगी पडते. तिथला मुलामा जळून भोवताली मोकळी जागा राहते आणि शॉर्ट आपोआप मिटतं. ही या कॅपॅसिटरची चांगली सवय आहे, तिच्यामुळे आग लागत नाही. पण प्रत्येक ठिणगीला थोडं क्षेत्रफळ खर्ची पडतं. पावसाळ्यातल्या विजांच्या गडगडाटात गोव्यात लाईनवर असे झटके कमी येत नाहीत. दुसरी वाट दमटपणाची. पेटीच्या राळेतून आणि पायांच्या कडेने ओल हळूहळू आत झिरपते. मुलाम्याला ओल आणि एसी व्होल्टेज दोन्ही एकदम मिळाली की त्याचं ऑक्साइड होतं, आणि ऑक्साइड वीज वाहत नाही. कडांचे पट्टे त्याचे, मधले ठिपके ठिणग्यांचे.

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरची आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. त्यात ओव्हनचं घड्याळ चोवीस तास चालू. ओव्हन वहिनी दिवसाला दोन-तीन तास वापरत असतील, पण हा कॅपॅसिटर वर्षानुवर्षं एक क्षणही सुटीवर गेलेला नाही. तेव्हा आजोबांचं म्हणणं असं खरं ठरतं: ओलीनेच बोर्ड मारला, पण आठ पावसाळ्यांत, एका संध्याकाळी नाही. संध्याकाळचा दोष व्होल्टेजचा. कॅपॅसिटर शाबूत असता तर २०८ वर काही बिघडलं नसतं, आणि व्होल्टेज कायम २३६ असतं तर हा दोष आणखी वर्षभर लपून राहिला असता.

दुरुस्तीत सांगण्यासारखं थोडंच. १.५ मायक्रोफॅरड, एक्स-टू दर्जाचा (थेट लाईनवर लावायला सुरक्षित बनवलेला), ३०५ व्होल्ट एसीचा कॅपॅसिटर, पायांतलं अंतर २७.५ मिलिमीटर. इथे एक्स-टू असलाच पाहिजे. ४०० व्होल्ट डीसी लिहिलेला साधा फिल्म कॅपॅसिटर आकाराने बसतो म्हणून लावणारे आहेत, आणि तो पेटला तर ओव्हन लाकडी कपाटात आहे हे ते विसरतात. एक्स-टूमध्येही दमट हवेसाठी मुद्दाम बनवलेले मिळतात, ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास तपासलेले. किनाऱ्यावरच्या घरासाठी मी तेच मागवतो. म्हापशात आणि पणजीत नेमका हा मिळाला नाही, तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रात्रीच्या बसने आणवला.

सोबत वरच्या कॉइलची रिलेही बदलली. ती निदानाच्या वेळी संशयात नव्हती, पण बोर्ड टेबलावर असताना प्रत्येक रिलेतून पाच अँपियर सोडून दोन्ही टोकांवरचं व्होल्टेज मोजायचा माझा रिवाज आहे. बाकी रिलेंवर ५० मिलिव्होल्टच्या आसपास, या एका रिलेवर ४००. म्हणजे आत दोन वॉट उष्णता फुकट जळत होती. तिच्या पायांजवळचा बोर्ड तपकिरी झाला होता, सोल्डरला अगदी बारीक गोल भेग होती. केक असो की बिबिंक, वरची कॉइल दोन्हींत, त्यामुळे सगळ्यांत जास्त उघडझाप हिचीच; वर महिनोन्‌महिने साडेसात-आठ व्होल्टवर जेमतेम धरून राहायचं, आणि दर रिसेटला चालू लोड तोडायचा. दोन्हीचा वाटा असावा. कॅपॅसिटर, रिले आणि भाडं मिळून सामानाचा खर्च पाचशेच्या आत राहिला.

सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स साफ करून, वाळवून, बोर्डाच्या सोल्डर बाजूला वॉर्निशचा पातळ थर दिला. रिलेंच्या बाजूला नाही. काही रिलेंना वर बारीक भोक असतं, वॉर्निश आत गेलं की कॉन्टॅक्ट चिकटतो.

मग उलटतपासणी. तिन्ही रिले ओढलेल्या, २३० व्होल्ट: डीसी २४. व्हेरिअ‍ॅक २०८ वर: २४. १९० पर्यंत उतरवलं तरी २३ च्या खाली गेलं नाही. ओव्हन जागेवर बसवला आणि मुद्दाम संध्याकाळी, घरातला पंप आणि गीझर चालू ठेवून, वर-खालीचा मोड २०० अंशांवर लावला. सॉकेटवर २०४ दिसत होते. घड्याळ हललं नाही. वहिनींनी रिकामा ओव्हन चालू ठेवायला नकार दिला आणि पहिलीच नानकटाई आत सरकवली, त्यामुळे चाचणीचा शेवटचा भाग मला खाऊन पाहावा लागला.

कपाटाचं काम वेगळं निघालं. ओव्हनच्या मागे हवा खेळायला मोकळी फटच नव्हती. सुताराने मागची फळी सरसकट ठोकली होती. ओव्हनचा कूलिंग फॅन गरम, वाफाळ हवा बोर्डाकडेच परत ढकलत होता. ती फळी खालून आणि वरून कापून घेतली. कापताना मागून एक सुकलेली पाल निघाली. या खेपेला ती निर्दोष होती. एरवी आमच्याकडे बोर्डावरच्या शॉर्टमध्ये पालींचा आणि मुंग्यांचा मोठा हात असतो.

वहिनींनी विचारलं, मग रोज काम झाल्यावर एमसीबी खाली करून ठेवू का? त्याने कॅपॅसिटरला विश्रांती मिळते हे खरं. पण पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस ओव्हन पूर्ण थंड आणि बंद राहिला तर कॉइलमध्ये ओल भरते आणि पुढच्या वेळी आरसीसीबी पडतो. मी सांगितलं ते असं: वापर रोजचा असेल तर रात्री बंद करा, दर वेळी घड्याळ लावायचा कंटाळा येणार असेल तर नका करू, पावसात ओव्हन पडून असेल तर आठवड्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं १५० अंशांवर फिरवा. घड्याळ लावायचा कंटाळा त्यांना येणार हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं.

आजोबांना स्टॅबिलायझर हवा होता. व्होल्टेजचा आकडा त्यांनी माझ्या मीटरवर पाहिला होता. तीन-साडेतीन किलोवॉटच्या ओव्हनला निदान चार केव्हीएचा स्टॅबिलायझर लागेल, म्हणजे बऱ्यापैकी खर्च आणि कोपऱ्यात एक गुणगुणणारं लोखंडी खोकं. कॉइलला २०८ व्होल्टवर काही अपाय होत नाही, फक्त तापायला थोडा जास्त वेळ लागतो. आणि बोर्ड आता १९० ला चालतो हे मी तपासलेलं आहे. त्या पैशांत मेन डीबीमध्ये (घरातल्या एमसीबींच्या मुख्य पेटीत) सर्ज प्रोटेक्टर बसवा म्हणालो, त्याने घरातल्या सगळ्याच बोर्डांचं विजेच्या झटक्यांपासून थोडंफार रक्षण होईल, आणि अर्थिंगचा खड्डा एकदा तपासून घ्या. दोन्ही कामं दिवाळीनंतर घरच्या वायरमनने केली. बोर्डाची ऑर्डर अजून निघालेली नव्हती, ती वहिनींनी रद्द करून टाकली. पहिल्या मेकॅनिकने काढून ठेवलेली जुनी वरची कॉइल मात्र मी मोजून, ४८ ओम असं पेनाने लिहून, कपाटातच ठेवायला सांगितली.